सातव्या मशीनवरची पुडी

१

सातवं मशीन मेलं ते भर दुपारी, आणि जाताना एका बड्या ग्राहकाची आठवड्याभराची आकडेमोड सोबत घेऊन गेलं.

फांग रुयुनला हे कळलं ते ल्याओ शिफूंच्या फोनवरून. शिफू म्हणजे गुरू. तैपेइच्या नेइहू भागातल्या त्यांच्या कंपनीत झाडलोट करणाऱ्या बाईपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना याच नावानं हाक मारत. रुयुनच्या तोंडी मात्र तो शब्द नुसता मानाचा नव्हता. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली धांदरट मुलगी होती ती, तेव्हापासून त्यांनी तिला याच कंपनीत हाताशी धरून शिकवलं होतं. तिच्या लग्नात तिच्या वडिलांच्या खुर्चीवर तेच बसले होते. आता शिंचू शहरात तिचा स्वतःचा सल्ल्याचा व्यवसाय होता, चार लोक तिचं नाव घेत होते, तरी नववर्षाचा पहिला फोन तिचा शिफूंनाच असायचा.

"पोरी, एक दिवस काढ आणि ये," शिफू म्हणाले. "आमच्याकडचा तरुण इंजिनिअर यीफान, त्यानं घोळ घातलाय. पण ते मी म्हटलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं पोरावर राग काढला. म्हणून वेइ साहेबांना मी तुझं नाव सुचवलं. तू बघ आणि काय दिसेल ते सांग. तुझ्या शब्दाला वजन आहे."

"आणि तुमच्या शब्दाला नाही?"

"माझं काय आता. उतारावरची गाडी."

ती आली. मॅनेजर वेइ च्वोलिन तिला घ्यायला लिफ्टपाशीच उभे होते. बँकेतून इकडे आलेला गृहस्थ, टाय कधी सैल न करणारा. चालता चालताच त्यांनी सांगून टाकलं, "ग्राहकाची माणसं चारला येणार आहेत. त्यांना चूक कुणाची ते नाव हवंय. तुम्ही काही वेगळं सांगितलं नाहीत तर मी चुआंग यीफानचं नाव देणार आणि त्याला आजच काढणार. या धंद्यात नेइहूपासून शिंचूपर्यंत एकच गल्ली आहे, हे तुम्हाला सांगायला नको. त्याला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही."

"मग चारपर्यंत वेळ आहे मला," रुयुन म्हणाली. "आधी मशीन दाखवा."

मशीनची, म्हणजे थोरल्या कॉम्प्युटरांची, खोली थंडगार होती आणि पंख्यांचा घोंघाट कानात बसत होता. कपाटांच्या रांगेत प्रत्येक मशीनच्या डोक्यावर एकेक हिरवी पुडी होती, नारळाच्या कुरकुऱ्यांची. हिच्याशिवाय तैपेइत कोणी मशीन चालवत नाही. नावातच तिच्या 'शहाण्यासारखं वाग' असं आहे. पुडी हिरवीच हवी, मुदतीतली हवी, आणि ती कुणी खायची नाही. देवाला फुलं वाहणारे नि न वाहणारे, दोन्ही जातीचे इंजिनिअर ही मात्र न चुकता ठेवतात.

पुड्यांवर मार्करनं काहीबाही लिहिलेलं होतं. दुसऱ्यावर 'बाळा, रडू नको', पाचव्यावर 'लग्न आहे माझं, आठवडाभर सांभाळ'. रुयुननं सवयीनं एकेक पुडी उचलली, उलटी करून मागची तारीख बघितली आणि परत ठेवली. सगळ्यांची एकच तारीख, चिनी नववर्षाला एकगठ्ठा आणलेला माल. सातव्यापाशी मशीनचे दिवे विझलेले होते. तिथं ती जराशी वाकली, तारीख वाचली आणि सरळ झाली. ही तारीख बरीच पुढची होती.

"पुडीची मुदत बघताय?" वेइ कुत्सितपणे हसले. "ती चौकशी आमच्या लोकांनी सगळ्यात आधी केली. मुदत संपलेली नाही. तेव्हा गुन्हेगार दुसरा कोणीतरी शोधा."

२

चुआंग यीफान कॉन्फरन्सच्या खोलीत बसला होता. तिशीच्या अलीकडचा, दूर दक्षिणेच्या पिंगतुंगकडचा. समोरचा चहा निवून गेला होता आणि त्यातले साबुदाण्याचे काळे मणी तळाला बसले होते.

"ताई, चूक माझीच असेल," रुयुन बसते न बसते तोच तो म्हणाला. "मला ती सापडत नाहीये एवढंच."

"सापडली नाही तर तुझी कशावरून? आधी मला सांग, झालं काय?"

त्यानं सांगितलं. कंपनीचा धंदा तसा साधा. एका अवाढव्य मशीनच्या पोटात दुसरं खोटं मशीन उभं करायचं आणि ते भाड्यानं द्यायचं. भाडेकरूला वाटतं, अख्खं घर आपलंच. या भाडेकरूला चिपच्या आराखड्याची तपासणी करायची होती, म्हणून त्यानं सातव्या मशीनची जवळजवळ सगळी मेमरी भाड्यानं घेतली होती. एप्रिलमधल्या, पूर्वजांच्या कबरी साफ करण्याच्या सुट्टीत मशीन रिकामं होतं, सुट्टी संपताच त्याचं काम सुरू झालं. पहिले काही दिवस घोडं कसं चौखूर धावलं. मग मशीन अडखळायला लागलं आणि शेवटी गोठलं.

"आतली नोंद?"

"डिस्क ग्राहकाच्या चक्कीत गेल्या. त्यांचा करारच तसा आहे, मशीन बिघडलं की त्याच दिवशी चुरा. आपल्याकडे फक्त हा फोटो आहे, शेवटच्या स्क्रीनचा."

रुयुननं फोन हातात घेतला. मशीननं मरण्याआधी आपलं दुखणं स्वतःच लिहून ठेवलं होतं. घरच्या वापराला मेमरी उरली नाही, म्हणून आतला एकेक कामकरी प्रोग्राम हाकलला, तरी पुरलं नाही. आणि त्याच्याखाली राखीव राक्षसी पानांचा आकडा.

हे पानांचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी मेख त्यातच आहे. मशीन मेमरी वाटतं ती पानापानानं. साधं पान अगदी चिमुकलं असतं. छोट्या भाडेकरूला ते चालतं, पण मोठ्याला अशी कोट्यवधी चिटोरी दिली तर कुठलं पान कुठं ठेवलंय हे शोधण्यातच मशीनचा जीव जातो. म्हणून मोठ्या भाडेकरूसाठी राक्षसी पानं राखून ठेवायची. एकेक पान लाखो चिमुकल्या पानांएवढं. पंगत मोठी असली की वाटीवाटीनं भात वाढत बसत नाहीत, पातेलंच बाहेर आणतात, तसं. पण किती राखायची याला मोजमाप हवं. सगळंच पाहुण्यासाठी काढून ठेवलं तर घरचे उपाशी मरतात.

"इथं तेच झालंय," रुयुन म्हणाली. "भाडेकरूला लागणार होती त्याहून कितीतरी जास्त राक्षसी पानं राखलीत. मशीनला स्वतःला श्वास घ्यायला जागा नाही."

"म्हणून तर म्हणतोय. पानांची जुळवाजुळव माझा नवा प्रोग्राम करतो. पूर्वी शिफू प्रत्येक भाडेकरूसाठी हातानं हिशेब करून आकडा टाकायचे. आता मशीन चालू असतानाच प्रोग्राम बघतो, कुणाला काय लागतंय, आणि त्याप्रमाणे विखुरलेली पानं एकत्र करतो. वेइ साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून सगळीकडे हाच." त्यानं मान खाली घातली. "त्यानंच हावरटपणा केला असणार. झोप नाही मला, ताई. एकेक ओळ वाचून काढली. घरी आईला अजून सांगितलेलं नाही. मुलगा तैपेइत मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणून ती गावभर सांगत असते."

रुयुन त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिनं फोन हळूच टेबलावर ठेवला.

"यीफान, तुझा प्रोग्राम चालू मशीनमध्ये पानं जुळवतो म्हणालास."

"हो."

"रात्रबाजार पुरता भरला, टपरीला टपरी लागली, आणि मग मधोमध नाटकाचा मांडव घालायचा म्हटलं तर जमेल?"

"नाही. मांडव आधी घालायला लागतो, मैदान रिकामं असताना." तो बोलता बोलता थांबला आणि त्यानं मान वर केली.

"राक्षसी पान म्हणजे तो मांडव. त्याला सलग जागा लागते. चालू मशीनमध्ये तुझा प्रोग्राम कितीही धडपडला तरी एखाददुसरं पान जुळेल, इतकी शेकड्यांनी जन्मात जुळायची नाहीत. इतकी पानं राखायची तर ती मशीन सुरू होतानाच राखावी लागतात. शेवटचं रीस्टार्ट कधी केलं होतंस?"

"नववर्षाला. त्यानंतर कोणीच केलेलं नाही. सुट्टीत तर मी पिंगतुंगला घरी होतो."

"केलंय," रुयुन म्हणाली. "कोणीतरी ते बंद करून, आकडा बदलून, परत चालू केलंय. आणि इथं बसून तुझी मजा बघतोय."

३

रीस्टार्टची गोष्ट वेइ साहेबांनी कपाळाला आठ्या घालून ऐकली.

"पुरावा?"

"अजून नाही. सुट्टीत तुम्ही कुठं होतात?"

"मी? ओसाकाला, सासूबाईंना घेऊन. त्याचा पुरावा हवा तर सासूबाईंनाच विचारा, पण मग तासभर मोकळा ठेवा." एवढं बोलून ते जरा सैल झाले. "हे बघा, मी बँकेतला माणूस. मला ते मशीन बंद करायचं बटणही ठाऊक नाही. त्या पुड्या तर मला मुळीच पटत नाहीत. आल्या आल्या एक फोडून खाल्ली होती मी. दोन महिने कुणी माझ्याशी धड बोललं नाही."

"एवढं कशानं?"

"त्या दिवशी चौथं मशीन बंद पडलं," वेइ ओशाळून म्हणाले.

ग्राहक सांभाळणारी होउ मेइशू जेवणाचा डबा उघडूनच बसली होती. तोंडाची टकळी अखंड. "मॅडम, मला काय विचारायचं ते विचारा, पण भात गार होईल म्हणून मी खातखातच सांगते. ग्राहकाला मेमरी जास्त द्या म्हणून मी मागे लागले होते, हे खरं. त्यात काय चुकलं? विकणं हे माझं काम. यीफान म्हणाला, एवढीच जमेल, त्यावर काकणभरही नाही. मी ग्राहकाला तेवढीच सांगितली. विषय संपला."

"सुट्टीत?"

"गावाकडे, च्यायीत. आजोबांच्या कबरीवरचं गवत काढताना कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही. शिफू हुशार, त्यांनी कबरीचं काम आधीच उरकून घेतलं होतं. सुट्टीभर तैपेइतच होते."

"मशीनच्या खोलीत जाता कधी?"

"ग्राहकांना फिरवायला. त्या पुड्यांबरोबर फोटो काढायला फार आवडतं लोकांना. थांबा, याच ग्राहकाचे आहेत की, नववर्षापाठोपाठच्या कंदिलांच्या सणानंतर आले होते." तिनं बोटाला लागलेलं तेल रुमालाला पुसलं आणि फोन पुढे केला.

फोटोत सुटातले दोन पाहुणे सातव्या मशीनच्या दोन्ही बाजूंना उभे राहून हसत होते. मधोमध हिरवी पुडी, तोंड कॅमेऱ्याकडे. तिच्यावर, मेइशूनं सांगितलं, यीफाननं लिहिलं होतं, 'सातव्या, शहाण्यासारखं वाग. मला घरी परत जायचं नाहीये.'

रुयुननं फोटो मोठा करून बघितला. आज सकाळी त्या मशीनवर होती ती पुडी ही नव्हे. सकाळच्या पुडीवर अक्षर दिसलं नव्हतं आणि तिची तारीख नववर्षाच्या मालाहून पुढची होती.

"मेइशू, मशीनवरची पुडी मधेच बदलतात का इथं?"

"अहो, काहीतरीच काय. मुदत संपेपर्यंत बोटसुद्धा लावत नाहीत. बदलायची ती फक्त मशीन रीस्टार्ट केलं की. जुनीची पुण्याई संपली म्हणतात ना. ज्यानं बंद केलं त्यानं स्वतः खाली जाऊन नवी आणायची आणि ठेवायची. तुम्ही तर इथल्याच, तुम्हाला मी काय सांगणार."

खरंच होतं ते. रुयुनला कुणी सांगायची गरज नव्हती. सणानंतर सातवं मशीन कुणीतरी रीस्टार्ट केलं होतं, आणि चोरून का होईना, पुडी बदलून मगच तो गेला होता.

४

शिफू तिला जेवायला गल्लीतल्या जुन्या नूडल्सवाल्याकडे घेऊन गेले. मालकिणीनं न विचारता दोन वाडगे आणून ठेवले. शिफूंनी आपल्या वाडग्यातला मांसाचा मऊसूत तुकडा उचलून रुयुनच्या वाडग्यात घातला. पूर्वीपासूनची त्यांची खोड.

"हाडं दिसायला लागलीत तुझी. काय करतो काय नवरा?"

"तोच शिजवतो, म्हणून तर." ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. आयुष्यात काही माणसं अशी असतात की त्यांच्यासमोर आपण आपोआप लहान होतो आणि त्यात आपल्याला काही कमीपणा वाटत नाही. शिफू तिच्यासाठी तसे होते.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"सातवं मशीन सुट्टीच्या आसपास रीस्टार्ट झालंय, शिफू. तुम्हाला काही माहीत आहे?"

त्यांनी रस्सा एक घोट प्यायला. "नाही बुवा. पण तसं असेल तर ते यीफाननंच केलेलं असणार. प्रोग्रामचं घोडं अडलं असेल, म्हणून गुपचूप आकडा वाढवला असेल. आता कबूल करायला लाजतोय. मुलगा वाईट नाही गं, पण घाई फार. आपण कसे एकेक आकडा हातानं काढायचो, तीनतीनदा ताडून बघायचो. यांना सगळं यंत्रानंच करायला हवं. यंत्राला काय कळतं घरच्यासाठी किती ठेवायचं ते?"

"तो सुट्टीत पिंगतुंगला होता म्हणतो."

"आणि तू ते ऐकलंस?" शिफू मायेनं हसले. "रुयुन, तू फार चटकन विश्वास ठेवतेस. पहिल्यापासून."

तिला ते पटत चाललं होतं. पटावं असंच तिला वाटत होतं, हेही खरं. चहाची वाट बघताना ती मनातल्या मनात जुळवत होती. पुडी बदलायची रीत वेइ पाळणार नाहीत. मेइशूला मशीन बंद करता येत नाही. यीफान पाळेल, पण त्याच्यानं काही खरडल्याशिवाय पुडी ठेवली जाणार नाही. पण चोरून ठेवताना कोण आपलं अक्षर उमटवेल? तेव्हा कोरी पुडी यीफानची असायला काही हरकत नव्हती. मालकिणीनं बिल आणलं. कुठल्याशा दुकानाच्या जाहिरातीमागे लिहिलेलं होतं ते, आणि तिनं ते टेबलावर छापील बाजू वर करून ठेवलं. रुयुननं आकडा बघायला ते उचलून उलटं केलं.

आणि तिचा हात तसाच राहिला.

बाकीच्या पुड्यांची तारीख बघायला तिला प्रत्येक पुडी उचलून उलटी करावी लागली होती. सातव्याची तारीख तिनं नुसतं वाकून वाचली. हात न लावता. म्हणजे सातव्यावरची पुडी पाठमोरी होती. तोंड मशीनकडे, पाठ माणसांकडे.

अख्ख्या तैपेइत पुडी अशी ठेवणारी माणसं तिला ठाऊक होती. दोनच. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिनं पुडी सगळ्यांसारखी तोंड बाहेर करून ठेवली तेव्हा याच माणसानं ती फिरवली होती आणि म्हटलं होतं, 'शहाणं व्हायचंय ते मशीनला, आपल्याला नव्हे. ज्याला सांगायचं त्याच्याकडे तोंड करून सांगावं.' तेव्हापासून तीही तशीच ठेवायची. म्हणून तर सकाळी तिच्या डोळ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. स्वतःच्या घरासारखं वाटलं होतं ते.

"काय गं, बिल जास्त लावलंय का?" शिफूंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. समोर तोच माणूस तिच्यासाठी चहात साखर ढवळत होता.

५

चारला अजून थोडा अवकाश होता. रुयुननं सगळ्यांना मशीनच्या खोलीत बोलावलं. वेइ सारखे घड्याळ बघत होते. मेइशूनं कंबरेवर हात धरला होता. यीफान भिंतीला चिकटून उभा होता आणि शिफू नेहमीसारखे हात मागे बांधून सातव्यापाशी.

रुयुन कुणाकडेही न बघता बोलायला लागली. फोटोतला राक्षसी पानांचा आकडा दाखवून ती म्हणाली, इतकी पानं फक्त मशीन सुरू होतानाच राखता येतात, तेव्हा यीफानचा प्रोग्राम यात निर्दोष आहे. मग तिनं मेइशूच्या फोनमधली पुडी दाखवली आणि मशीनवरची. सणानंतर रीस्टार्ट झालं, ते कधी, तर दोन भाडेकरूंच्या मधे, कबरींच्या सुट्टीत, कारण एरवी कुणाचं ना कुणाचं काम चालूच होतं.

"आता त्या आकड्याकडे बघा," ती म्हणाली. "हा काही अंदाधुंद आकडा नाही. ही चूक असती तर मशीन पहिल्याच दिवशी आडवं झालं असतं. हा असा काढलाय की सुरुवातीला सगळं सुरळीत चालावं, मग हळूहळू घरची गरज वाढत जावी आणि भाडेकरूचं काम ऐन भरात असताना गळा आवळला जावा. असा आकडा हातानं काढायला वर्षानुवर्षं हेच केलेलं असावं लागतं."

यीफाननं मान वळवून शिफूंकडे बघितलं. शिफू हसले. "वा. म्हणजे आता संशय माझ्यावर? पोरी, कोरी पुडी कुणीही ठेवू शकतं."

"कोरी कुणीही ठेवेल," रुयुन म्हणाली. आता मात्र तिनं त्यांच्याकडे बघितलं. "पाठमोरी कोण ठेवेल, शिफू?"

वेइ आणि मेइशू दोघंही पुढे होऊन बघायला लागले. एका ओळीत सगळ्या पुड्यांची तोंडं त्यांच्याकडे होती, आणि एकीची पाठ. इतके दिवस सगळे तिथून ये-जा करत होते आणि ते कुणाच्या नजरेत आलं नव्हतं.

"अशी ठेवणारी माणसं दोन. एक मी. मी सुट्टीत शिंचूला होते."

पंखे तेवढे घोंघावत होते. शिफूंनी मागे बांधलेले हात सोडले, आणि एकदम त्यांचं वय दिसायला लागलं.

"मशीन मरेल असं वाटलं नव्हतं मला," ते म्हणाले. "वाटलं, नुसतं रखडेल. ग्राहक कुरकुर करेल, साहेब म्हणतील, प्रोग्राम नको, शिफूंचीच पद्धत बरी. एवढंच हवं होतं. पुढच्या महिन्यापासून मला इथं करण्यासारखं काही राहिलं नसतं, रुयुन. नुसता मान. रोज येऊन चहा प्यायचा, आणि पोरांनी उठून उभं राहायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं."

"चोरून आला होतात," वेइंनी चक्रावून विचारलं, "मग नवी पुडी कशाला ठेवलीत? ठेवली नसती तर कुणाला काही कळलं नसतं."

शिफूंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू हा माणूस जेवायच्या आधी हात कशाला धुतात असं विचारतोय.

"मशीन रीस्टार्ट केलं होतं ना," ते म्हणाले.

मेइशू नकळत मान डोलावून गेली आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं.

"मशीन मेलं ते समजू शकते मी," रुयुन म्हणाली. "पण त्यानंतर? या मुलाला झोप नव्हती. न केलेली चूक तो आपल्याच प्रोग्राममध्ये शोधत होता. तुम्ही रोज त्याच्या शेजारी बसत होतात. एक शब्द बोलला नाहीत. उलट मला फोन केलात. मलाच का, शिफू? शंभर माणसं आहेत या धंद्यात."

शिफूंनी विझलेल्या मशीनकडे बघितलं.

"कारण तू माझ्यावर संशय घेतला नसतास," ते म्हणाले. "आणि तू म्हणालीस की यीफानचं चुकलं, तर मग कुणी पुढे विचारलं नसतं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तिच्या नावाचं वजन त्यांनीच वाढवलं होतं, एकेक धडा देऊन, आणि आज तेच वजन उचलून ते एका मुलाच्या मानेवर ठेवायला निघाले होते. तिची किंमत त्यांना बरोबर ठाऊक होती. तिचा जीव त्यांच्यावर किती आहे हेही, आणि त्याचाच त्यांनी हिशेब मांडला होता.

"तुमचा हिशेब चुकला नव्हता," ती म्हणाली. "सकाळी ती पुडी बघूनही मला काही दिसलं नाही. जेवताना तुमचं ऐकत होते तेव्हा मी यीफानवर खापर फोडायला जवळजवळ तयार झाले होते. मला फार बरं वाटत होतं तुमच्याबरोबर."

ग्राहकाची माणसं आल्याचा निरोप बाहेरून आला. वेइंनी टाय सरळ केला, यीफानच्या खांद्यावर अवघडून हात ठेवला आणि म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. त्यांना पानांचं ते सगळं तूच समजावून सांग, मला काही ते झेपायचं नाही. नाव मी सांगेन." मग शिफूंकडे न बघताच ते दाराकडे वळले.

सगळे पांगले. शिफू दारापाशी थांबले.

"पोरी," ते म्हणाले.

"फांगबाई म्हणा," रुयुन म्हणाली.

ते गेले. त्यांच्या पाठीकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी तिनं बघितलं. लग्नात त्यांनी घातलेला करडा कोट त्यांच्या अंगावर होता. कोपरावर तो विरला होता.

संध्याकाळी नव्या डिस्क घालून सातवं मशीन पुन्हा चालू झालं. भाडेकरूसाठी पानं किती आणि घरासाठी किती, हे या वेळी प्रोग्रामनं ठरवलं आणि रुयुननं हातानं ताडून बघितलं. आकडा जुळला. यीफान धावत खाली जाऊन हिरवी पुडी घेऊन आला. आईशी फोनवर बोलून आला होता बहुतेक, डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर रंग आला होता.

"ताई, मान तुमचा. तुम्हीच ठेवा."

रुयुननं पुडी घेतली आणि मशीनच्या डोक्यावर ठेवायला हात वर केला. ठेवता ठेवता तिच्या बोटांनी ती आपोआप फिरवली, तोंड मशीनकडे, पाठ बाहेर. तिनं स्वतःच्याच हाताकडे बघितलं. मग पुडी खाली घेतली आणि यीफानच्या हातात दिली.

"तूच ठेव," ती म्हणाली. "माझा हात अजून त्यांचाच आहे."